अस्थिस्कॅन : वैद्यांनी जाणावे असे काही

स्तन वा प्रोस्टेटच्या कर्करोगाचा पूर्वेतिहास असणाऱ्या रुग्णाची हाडांतील रात्रीची वेदना विट्यातील वैद्यबंधूंनी केवळ वातव्याधी समजू नये. अस्थिस्कॅनचा विचार करावा. मुंबईत परळ येथे १९६३ साली स्थापन झालेल्या रेडिएशन मेडिसिन सेंटरपासून हे अणुवैद्यक महाराष्ट्रास परिचित आहे.

या तपासणीत टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सारी द्रव्य एमडीपी या फॉस्फोनेट संयुगास जोडून शिरेतून देतात. एमडीपी हाडातील हायड्रॉक्सीअ‍ॅपटाइट स्फटिकांच्या पृष्ठभागास चिकटते. जेथे अस्थिनिर्मिती व रक्तपुरवठा अधिक, तेथे ते अधिक साचते. सुमारे ३ तासांनी गॅमा कॅमेरा चित्र घेतो. टेक्नेशियमचे अर्धायुष्य ६ तासांचेच असते.

मात्र गडद ठिपका म्हणजे कर्करोगच नव्हे. अस्थिभंग, जंतुसंसर्ग, संधिवातही तसेच दिसतात. उलट मल्टिपल मायलोमा पुष्कळदा दिसतच नाही. म्हणून चित्र रुग्णाच्या इतिहासासह वाचावे.