पुसलं तरी जागा तेवढीच

अमरावती-अकोला महामार्गाचा विक्रम वऱ्हाडात पुष्कळांना तोंडपाठ आहे. 3 जून 2022 ला सकाळी 7 वाजून 27 मिनिटांनी सुरू झालेलं काम 7 जूनच्या संध्याकाळी 5 वाजता थांबलं, तेव्हा 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटरची एकपदरी डांबरी पट्टी सलग अंथरून झाली होती. 36,634 टन मिश्रण, 720 माणसं. रस्ता दिसतो, म्हणून त्याचे आकडे लक्षात राहतात. त्याच कामाच्या मागे कॉम्प्युटरात काय साचत जातं, तिकडे डिस्क भरेपर्यंत कुणाचं लक्ष जात नाही.

राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने जून 2020 मध्ये ‘डेटा लेक’ ही क्लाउडवरची प्रकल्प व्यवस्थापन यंत्रणा सुरू केली. पत्रव्यवहार, मंजुऱ्या, कंत्राटातले निर्णय, सगळं पोर्टलवरूनच. वर्षभराने दरमहा ड्रोनचं चित्रण सक्तीचं झालं. या महिन्याचं आणि मागच्या महिन्याचं, दोन्ही चढवायचं, म्हणजे काम किती सरकलं ते दिसतं. प्रसंगी लवादापुढे हाच पुरावा. प्राधिकरणाला क्लाउड आहे. पण अकोल्या-अमरावतीतल्या एखाद्या उपकंत्राटदाराच्या किंवा सल्लागाराच्या ऑफिसात स्वतःचं वेगळं सॉफ्टवेअर चालतं, कोपऱ्यातल्या एका सर्व्हरवर. आणि एके सकाळी फोन येतो: “भाऊ, सर्व्हर फुल झालं, एन्ट्रीच घेत नाही.”

संशय पहिल्यांदा साइटच्या फोटोंवर जातो. तो बरेचदा खोटा ठरतो. रेडमाइनचंच घ्या. प्रकल्पाच्या कामांची नोंद ठेवणारं हे फुकट मिळणारं, बऱ्यापैकी प्रचलित सॉफ्टवेअर. त्यात जोडलेल्या फायली डिस्कवरच्या वेगळ्या फोल्डरमध्ये जातात. डेटाबेसात फक्त त्यांची नावं आणि इतर माहिती राहते. म्हणजे फोटोंनी डिस्क भरेल, डेटाबेस नाही. काही सॉफ्टवेअर मात्र फाइलसुद्धा डेटाबेसातच कोंबतात. म्हणून कशालाही हात लावण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: नेमकं कोणतं टेबल वाढलंय? डेटाबेस एसक्यूएल सर्व्हरवर असेल, तर त्याच्या मॅनेजमेंट स्टुडिओत सर्वांत मोठ्या टेबलांचा अहवाल काही क्लिकमध्ये निघतो. पोस्टग्रेसवर असेल, तर एका क्वेरीचं काम.

रेडमाइनमध्ये हा अहवाल पाहिला की कधी कधी बदलांच्या इतिहासाचं टेबल सगळ्यात वर दिसतं. त्याचं कारण गमतीशीर आहे. कामाचं वर्णन बदललं की जुना मजकूर पूर्ण आणि नवा मजकूरही पूर्ण, असे दोन्ही इतिहासात जमा होतात. समजा, कुणी अख्खं परिमाणपत्रक त्या वर्णनात चिकटवलं आणि एक्सेलवरून ते रोज रात्री आपोआप ताजं करणारी स्क्रिप्ट लावली. बदल एका आकड्याचा, नोंद मात्र दोन संपूर्ण पत्रकांची. रोज. असल्या स्क्रिप्टा लिहिणारा माणूस सहसा हुशार असतो आणि तोवर नोकरी सोडून पुण्याला गेलेला असतो.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये आणखी एक घर तपासायचं: लॉग फाइल. डेटाबेस ‘फुल रिकव्हरी’वर असेल तर प्रत्येक व्यवहाराची नोंद लॉगमध्ये राहते आणि लॉगचा वेगळा बॅकअप घेतल्याशिवाय ती जागा मोकळी होत नाही. रोज रात्री पूर्ण बॅकअप घेणारे निर्धास्त असतात, पण त्या बॅकअपने लॉग रिकामा होत नाही. डेटाबेसांच्या यादीत ‘लॉग रियूज वेट’चा रकाना बघावा, तिथे ‘लॉग बॅकअप’ असं लिहून आलं की निदान झालं. मोफतच्या एक्सप्रेस आवृत्तीत डेटाला 10 जीबीची मर्यादा असते (2022 पर्यंतच्या आवृत्त्यांत तरी). ती लॉगला लागू नाही. त्यामुळे “एन्ट्री घेत नाही” ही तक्रार डिस्क भरल्याची आहे की मर्यादा गाठल्याची, हे एरर मेसेज नीट वाचल्यावरच कळतं. तो वाचायचा सोडून लोक सर्व्हर बंद-चालू करतात.

मग डिलीट. हजारो ओळी पुसल्या, फाइल तेवढीच! पाहुणे गेले म्हणून वाडा लहान होत नाही, खोल्या रिकाम्या होतात इतकंच. पोस्टग्रेसमध्ये पुसलेली ओळ लगेच जातही नाही. ‘व्हॅक्यूम’ ही सफाई फिरल्यावर तिची जागा नव्या नोंदींना वापरता येते. कुणाचं एखादं ट्रान्झॅक्शन तसंच उघडं राहिलं असेल, तर व्हॅक्यूमलाही त्यानंतर पुसलेल्या ओळी उचलता येत नाहीत. आकार खरंच कमी करायचा तर ‘व्हॅक्यूम फुल’. पण ते टेबलाला कुलूप लावतं आणि नवी प्रत लिहायला मोकळी डिस्क मागतं. डिस्क भरल्यावर हा उपाय आठवणाऱ्याची पंचाईत तिथेच होते. एसक्यूएल सर्व्हरमधलं ‘श्रिंक’ एखाद्या वेळी ठीक. दर रात्री लावून ठेवलं, तर इंडेक्स विस्कटतात आणि फाइल सकाळपासून पुन्हा फुगायला लागते.

जुन्या सूचना, लॉगइनच्या नोंदी, मोडलेल्या चाचण्यांचे अवशेष बेलाशक काढावेत. इतिहासाचं तसं नाही. पावसाने काम थांबल्याची नोंद कोणी, कोणत्या तारखेला केली आणि नंतर ती कोणी बदलली, यावर मुदतवाढीचा दावा उभा राहू शकतो. म्हणून ते टेबल हलकं करायचं असेल, तर आधी स्क्रिप्ट थांबवावी, जुन्या नोंदी दुसरीकडे उतरवून उघडून पाहाव्यात आणि कंत्राट सांभाळणाऱ्या माणसाची लेखी संमती घ्यावी. सर्व्हर सांभाळणाऱ्याने एकट्याने ठरवायची ही गोष्ट नाही.