मधुचंद्र प्रवास

मधुचंद्र प्रवास म्हणजे विवाहानंतर नवदांपत्याने एकत्र केलेला पहिला सहप्रवास होय. सामान्यतः तो तीन ते सात दिवसांचा असतो. महाराष्ट्रातील नवविवाहितांमध्ये गोवा, केरळ, अंदमान व मालदीव यांसारखी उष्णकटिबंधीय सागरी ठिकाणे लोकप्रिय आहेत. प्रस्तुत लेखात अशा अल्प मुदतीच्या प्रवासासाठी विमान व हॉटेल यांची निवड कशी केली जाते, याचे विवेचन असून वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील इंझोरी या गावाचे उदाहरण प्रारंभस्थान म्हणून घेतले आहे. समुद्र व विमानतळ या दोहोंपासून दूर असलेल्या गावातून निघताना प्रवासाचे किती दिवस वाटेतच खर्च होतात, हा या नियोजनातील कळीचा प्रश्न असतो.

शब्द व परंपरा

‘मधुचंद्र’ हा शब्द इंग्रजीतील ‘हनिमून’ या शब्दाच्या मध व चंद्र या दोन्ही घटकांचे रूपांतर करून घडला आहे. राजदत्त यांनी दिग्दर्शित केलेल्या १९६७ सालच्या मराठी चित्रपटाचे नावही ‘मधुचंद्र’ असेच होते. बोलीभाषेत मात्र ‘हनिमून’ हा मूळ शब्दच अधिक रूढ आहे.

पारंपरिक मराठी कुटुंबात विवाहानंतरचा पहिला प्रवास देवदर्शनाचा असे. सत्यनारायणाची पूजा, कुलदैवताचे दर्शन व मांडवपरतणी हे विधी आजही पाळले जातात. मानोरा तालुक्यातीलच पोहरादेवी आणि नांदेड जिल्ह्यातील माहूरची रेणुकामाता ही या परिसरातील प्रमुख श्रद्धास्थाने आहेत. पुढे महाबळेश्वर व माथेरान ही थंड हवेची ठिकाणे मधुचंद्रासाठी प्रचलित झाली. विदर्भात अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा हे त्याच प्रकारचे जवळचे ठिकाण आहे. विधी व पाहुणचार आटोपल्यावर हाती उरणारे दिवस थोडे असल्यामुळे मधुचंद्राच्या तारखा बहुधा विधींच्या तारखांवरून ठरतात. तिकिटे काढण्यापूर्वी दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांशी हे दिवस निश्चित केल्यास नंतर तिकीट रद्द करण्याची वेळ सहसा येत नाही.

ऋतुमान

विदर्भात तुळशीविवाहानंतर लग्नसराई सुरू होते. याच सुमारास सोयाबीनचा हंगाम आटोपून शेतकरी कुटुंबांच्या हाती पैसा आलेला असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ गोवा व केरळच्या किनाऱ्यासाठी अनुकूल असतो. मात्र नाताळ ते नववर्ष या दिवसांत विमान व हॉटेल या दोहोंचे दर सर्वाधिक असतात. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून ते सहसा उतरू लागतात.

एप्रिल-मे महिन्यांत विवाह झाल्यास पावसाळ्याचा विचार करावा लागतो. नैर्ऋत्य मोसमी पाऊस अंदमानात साधारणतः मेच्या उत्तरार्धात, तर केरळात १ जूनच्या आसपास पोहोचतो. त्यानंतर गोव्यातील समुद्र खवळलेला असतो, पोहणे धोक्याचे ठरते व किनाऱ्यावरील तात्पुरती उपाहारगृहे काढली जातात. मालदीवमध्ये डिसेंबर ते एप्रिल हा तुलनेने कोरडा काळ असतो. पावसाळ्यात दर कमी असतात. पण समुद्रासाठीच जाणाऱ्या जोडप्याला त्या सवलतीचा फारसा उपयोग होत नाही.

इंझोरीहून विमानतळापर्यंत

वाशीम जिल्ह्यात नियमित प्रवासी विमानसेवा असलेला विमानतळ नाही. पर्यायांमध्ये नागपूरचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ सर्वांत महत्त्वाचा आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाल्यापासून कारंजामार्गे नागपूर गाठणे सोपे झाले आहे. संपूर्ण ७०१ किलोमीटरचा महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण झाला. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईसाठी विमानसेवा सुरू झाली. तो इंझोरीला नागपूरपेक्षा जवळ असला तरी तेथील उड्डाणे मर्यादित आहेत. मूर्तिजापूर किंवा अकोला येथून रेल्वेने मुंबईला जाऊन तेथून विमान पकडणे हा तिसरा मार्ग होय. त्यात तिकीट स्वस्त पडू शकते, परंतु जाता-येता बहुधा दोन रात्री रेल्वेत जातात.

विमानाची निवड

अल्प प्रवासात तिकिटाच्या किमतीइतकीच विमानाची वेळही महत्त्वाची असते. समजा, एका जोडप्याकडे पाच दिवस व चार रात्री आहेत. सकाळच्या विमानाने जाऊन शेवटच्या दिवशी सायंकाळी परतल्यास जवळजवळ साडेचार दिवस हाती लागतात. जाताना रात्रीचे व परतताना पहाटेचे विमान घेतल्यास तीनच दिवस उरतात. हॉटेलचे भाडे मात्र चारही रात्रींचे द्यावे लागते. दुसऱ्या पर्यायात तिकिटामागे दोन हजार रुपये वाचले तरी दोघांची एकूण बचत चार हजार रुपयांची होते. खोलीचे भाडे प्रतिरात्र पाच हजार रुपये असेल, तर वाया गेलेल्या वेळेची किंमत या बचतीहून अधिक ठरते. सकाळच्या विमानासाठी मात्र इंझोरीहून मध्यरात्री निघावे लागते किंवा आदल्या रात्री नागपुरात मुक्काम करावा लागतो. तो खर्चही हिशेबात धरणे आवश्यक असते.

दोन टप्प्यांचा प्रवास एकाच तिकिटावर असल्यास पहिल्या विमानाच्या विलंबामुळे दुसरे चुकले, तर पुढची व्यवस्था करण्याची जबाबदारी सामान्यतः विमान कंपनीवर येते. दोन स्वतंत्र तिकिटे घेतल्यास ती जोखीम प्रवाशाची असते आणि सामानही पुन्हा जमा करावे लागते. तिकिटांची तुलना करताना सामानाचे शुल्क, आसननिवडीचे शुल्क व रद्द करण्याच्या अटी धरून होणारी एकूण रक्कम पाहिली जाते.

गंतव्यस्थानानुसार फरक

गोवा : येथे दोन विमानतळ आहेत. दाबोळी मुरगाव तालुक्यात, तर मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ उत्तरेकडील पेडणे तालुक्यात आहे. मोपा येथून ५ जानेवारी २०२३ रोजी उड्डाणे सुरू झाली. हरमल, मोरजी या किनाऱ्यांसाठी मोपा, तर कोलवा, बाणावली यांसाठी दाबोळी सोयीचे आहे. विमानतळ व किनारा विरुद्ध टोकांना असल्यास टॅक्सीच्या भाड्यात तिकिटाची बचत संपून जाते.

अंदमान : श्री विजयपुरम (पूर्वीचे पोर्ट ब्लेअर) येथील विमानतळाला वीर सावरकर यांचे नाव आहे. स्वराज द्वीप येथे जाण्यासाठी पुढे बोटीने प्रवास करावा लागतो व खराब हवामानात बोटी रद्द होतात. त्यामुळे परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री श्री विजयपुरम येथेच मुक्काम ठेवणे सुरक्षित मानले जाते. घड्याळ भारतीय प्रमाणवेळेचेच असले तरी वाशीमच्या तुलनेत येथे सूर्य सुमारे एक तास आधी मावळतो. म्हणून दुपारी उशिरा पोहोचणाऱ्या विमानाने पहिला दिवस जवळजवळ वाया जातो.

मालदीव : वेलाना विमानतळापासून रिसॉर्टपर्यंत वेगवान नौका अथवा सागरी विमान असते. सागरी विमाने केवळ दिवसाउजेडी उडतात. सायंकाळी पोहोचणाऱ्या प्रवाशाला माले परिसरात एक रात्र काढावी लागू शकते. हा प्रवासखर्च आणि हरित कर खोलीच्या दर्शनी दरात असतोच असे नाही. स्थानिक वस्तीच्या बेटांवर मद्यविक्रीस बंदी असून पोशाखाचेही नियम आहेत.

हॉटेलची निवड

हॉटेलचा दर पाहताना त्यात कोणते भोजन समाविष्ट आहे, हे तपासावे लागते. भारतात केवळ खोली (ईपी), न्याहारीसह (सीपी), न्याहारी व एक जेवण (एमएपी) आणि तिन्ही वेळचे जेवण (एपी) असे चार प्रकार प्रचलित आहेत. जवळपास उपाहारगृहे असलेल्या ठिकाणी न्याहारीचा पर्याय पुरेसा ठरतो. एकाकी बेटावर मात्र जेवणासह दर परवडतो. शाकाहारी कुटुंबातील प्रवाशांनी जेवणाची सोय आधी विचारणे इष्ट असते. सप्टेंबर २०२५ मध्ये झालेल्या बदलानुसार प्रतिदिन ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के, तर त्याहून महाग खोलीवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. त्यामुळे या मर्यादेलगतच्या दोन खोल्यांच्या मूळ दरात थोडाच फरक असला तरी अंतिम देयकात तो बराच वाढतो.

खोलीचा ताबा सहसा दुपारी मिळतो. सकाळी लवकर पोहोचणाऱ्यांनी लवकर ताबा मिळण्याबाबत आधीच चौकशी करणे उपयुक्त ठरते. ‘समुद्राभिमुख’ व ‘समुद्राचे अंशतः दर्शन’ या वर्णनांतील फरक छायाचित्रांवरून नेहमी कळत नाही. अलीकडील पाहुण्यांचे अभिप्राय त्यासाठी वाचले जातात.

कागदपत्रे व नाव

मराठी प्रथेनुसार विवाहानंतर वधूचे मधले नाव व आडनाव बदलते. परंतु तिकिटावरील नाव प्रवासात दाखवल्या जाणाऱ्या ओळखपत्राशी जुळणे आवश्यक असते. आधार किंवा पारपत्र माहेरच्या नावाने असल्यास तिकीटही त्याच नावाने काढावे लागते. विवाहानंतर जुन्या नावाचे पारपत्र आपोआप बाद होत नाही. परदेश प्रवासासाठी त्याची किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक असणे अनेक देशांत बंधनकारक आहे. लक्षद्वीपसाठी भारतीय नागरिकांनाही प्रवेश परवाना लागतो.

फसवणूक व तक्रार

हॉटेलांच्या नावाने बनावट संकेतस्थळे चालवून आगाऊ रक्कम घेतली जाण्याचे प्रकार घडतात. पैसे भरण्यापूर्वी हॉटेलशी थेट संपर्क साधून नोंदणीची खात्री करता येते. ऑनलाइन आर्थिक फसवणुकीसाठी १९३० व ग्राहक तक्रारींसाठी १९१५ हे राष्ट्रीय मदत क्रमांक आहेत. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार ग्राहक आपल्या निवासाच्या जिल्ह्यातील आयोगाकडे तक्रार दाखल करू शकतो. त्यामुळे गोव्यातील किंवा केरळमधील सेवेविषयीची तक्रार इंझोरीच्या रहिवाशाला वाशीम जिल्ह्यातच करता येते.