बाळ पेटीत आहे, म्हणजे नेमकं काय?

बाळंतपणाची खबर घरी पोचली की पहिला प्रश्न असतो, दोघं सुखरूप ना? सोलापुरातल्या एखाद्या घरात यावर ‘बाळाला पेटीत ठेवलंय’ असं उत्तर आलं, की घराचा नूरच पालटतो. पेढे राहून जातात. पाचवीचं कुणी नाव काढत नाही. आत्ताच जीव लावला आणि काही बरंवाईट झालं तर, ही त्यामागची भीती. ती समजण्यासारखी आहे. पण तिच्या आडोशाने काही गैरसमज घर करतात आणि त्यांचा त्रास थेट बाळाला होतो, कारण त्या दिवसांत बाळाला लागणाऱ्या काही गोष्टी दवाखान्याकडे नसतातच, त्या घरच्यांकडेच असतात.

आधी पेटीचंच पाहू. सरकारी रुग्णालयातल्या या कक्षाला एसएनसीयू म्हणतात, म्हणजे नवजात बाळांसाठीचा विशेष काळजी कक्ष. सोलापूरच्या ‘सिव्हिल’मध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, शहरासोबत तालुक्यांच्या गावांतूनही बाळं पाठवली जातात. वजन 1800 ग्रॅमपेक्षा कमी असलेलं, 34 आठवड्यांच्या आत जन्मलेलं, जन्मल्यावर न रडलेलं, जंतुसंसर्ग झालेलं किंवा कावीळ वाढलेलं बाळ इथे दाखल होतं. सगळीच अत्यवस्थ नसतात. ज्याला आपण पेटी म्हणतो ती बहुतेक वेळा बंद पेटीही नसते. वरून ऊब देणारा दिवा असलेला तो उघडा ट्रे असतो. त्याला वॉर्मर म्हणतात.

‘आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात बाळाला थंडी कशी वाजेल?’ हा प्रश्न हमखास येतो. पण लवकर जन्मलेल्या बाळाची कातडी पातळ असते, अंगात चरबी जवळपास नसते आणि वजनाच्या मानाने उघडं अंग जास्त असतं. त्यामुळे खोलीत आपल्याला घाम फुटत असतानाही पंख्याखाली ठेवलेलं ओलं बाळ गार पडू शकतं. त्याचं तापमान 36.5 ते 37.5 अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहावं लागतं. ते घसरलं की रक्तातली साखर घसरते आणि श्वासावरही ताण येतो. अनेक बाळांसाठी वॉर्मर म्हणजे एवढी सोय, वजन वाढेपर्यंतची.

दुसरा गैरसमज आपल्याकडे फार खोल रुजलेला आहे. सातव्या महिन्यातलं बाळ जगतं, आठव्यातलं जगत नाही, असं शिकलेली माणसंही बोलून जातात. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. पोटात काढलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या पदरात पडतो. फुप्फुसं उघडी ठेवणारा द्रव 34-35 आठवड्यांच्या सुमारास पुरेसा तयार होतो. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळही साधारण 34 व्या आठवड्यापासून बसू लागतो. म्हणजे आठव्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा कितीतरी तयार असतं. मला हा समज सगळ्यांत घातक वाटतो, कारण आठव्यात कळा सुरू झाल्या की काही घरं मनातून आधीच हार मानतात आणि निघायला उशीर करतात. 34 आठवड्यांच्या आत कळा आल्या तर आईला डेक्सामेथासोनची इंजेक्शनं देऊन बाळाची फुप्फुसं तयार करता येतात. पण त्यासाठी बाळंतपणाच्या आधी दवाखाना गाठावा लागतो.

आणि आईने काय खाल्लं, काय उचललं, ग्रहणात काय चिरलं, ही चौकशी थांबवायला हवी. जुळी बाळं, वाढलेला रक्तदाब, जंतुसंसर्ग, रक्तक्षय, दोन बाळंतपणांतलं कमी अंतर, खूप लहान वयातलं गरोदरपण ही मुदतीआधी प्रसूतीची माहीत असलेली कारणं आहेत. अनेकदा तर एकही कारण सापडत नाही. 2020 मध्ये जगात सुमारे 1 कोटी 34 लाख बाळं अशी लवकर जन्मली, त्यातली तीस लाखांच्या आसपास भारतातली. एवढ्या बायकांनी पपई खाल्ली नव्हती.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. ‘ती ओली बाळंतीण, तिला वारं लागेल, ती तिथं जाऊन काय करणार?’ असं म्हणून आईला घरी ठेवलं जातं आणि बाळ परिचारिकांच्या भरवशावर राहतं. आई काय करणार, याचं उत्तर मोठं आहे.

पहिली गोष्ट चीक. पहिल्या दिवसांतलं ते घट्ट पिवळसर दूध अंगावर चोखता न येणाऱ्या बाळालाही लागतं, किंबहुना त्यालाच जास्त लागतं. आईने दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, हाताने दूध काढायचं. सुरुवातीला वाटीच्या तळाशी काही थेंबच दिसतात आणि बाई खचते. पण त्या बाळाचं पहिल्या दिवसाचं पोटही तेवढंच असतं. ते थेंब नळीने, पुढे वाटी-चमच्याने दिले जातात. लवकर बाळंत झालेल्या आईच्या दुधात प्रथिनंही जास्त असतात. पावडरच्या दुधाने अशा नाजूक बाळांच्या आतड्याला गंभीर सूज येण्याचा धोका वाढतो. म्हणूनच डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयात आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी उभी केली. आईचं दूध कमी पडलं तर दुसऱ्या आईचं, हा त्यामागचा विचार.

दुसरी गोष्ट आईची छाती. 1978 मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या पुरेनात म्हणून डॉक्टरांनी बाळं आयांच्या उराशी बांधली. तीच आजची कांगारू पद्धत. बाळाच्या अंगावर फक्त लंगोट, टोपी आणि मोजे. त्याला दोन स्तनांच्या मध्ये उभं धरायचं, मान एका कुशीवर वळवून किंचित वर, म्हणजे श्वास मोकळा राहतो. पाय बेडकासारखे दुमडलेले. आणि वरून मऊ सुती कापडाने बाळाला आईच्या अंगाशी बांधायचं. अशी पद्धत बाळ स्थिरावल्यावरच सुरू करावी, असं पूर्वी धरलं जात असे. मग भारतासह पाच देशांत, 1 ते 1.8 किलो वजनाच्या बाळांवर अभ्यास झाला. 2021 मध्ये आलेला त्याचा निष्कर्ष सांगतो की जन्मानंतर लगेच कांगारू पद्धत सुरू केली, तर पहिल्या 28 दिवसांतले मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने घटतात. म्हणजे आई भेटायला येत नाही, ती उपचार द्यायला येते. वडील, आज्जी, मावशी यांनीही बाळ असं धरलं तर चालतं.

‘घरच्यांमुळे बाळाला जंतू लागतील’ ही शंका मात्र अर्धी खरी आहे. गर्दीने लागतात, न धुतलेल्या हातांनी लागतात. दारातल्या बेसिनपाशी हात कोपरापर्यंत साबणाने धुवायचे असतात, त्याआधी अंगठी, धागा, बांगड्या उतरवून. बाळंतिणीच्या हातातला चुडा काढायचा म्हटलं की घरातल्या मोठ्या बाईचा चेहरा उतरतो. बांगड्यांच्या मागे साचलेला मळ साबणाने निघत नाही, एवढंच त्याचं कारण. बाहेर आल्यावर चुडा पुन्हा हातात घालता येतो. स्वच्छता सांभाळून घरच्यांना काळजीत सामील करून घ्यावं, अशी केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वं 2017 पासून आहेत. तेव्हा ‘मी काय करू शकते?’ हे सिस्टरांना विचारायला संकोच नको.

ऑक्सिजनने डोळे जातात, म्हणून तो नको, असंही ऐकू येतं. गरजेचा ऑक्सिजन नाकारला तर बाळच दगावेल. बेताबाहेर दिलेला ऑक्सिजन लवकर जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांच्या पडद्याला इजा करू शकतो हे खरं. म्हणून रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण 90 ते 95 टक्के ठेवतात. इथे लक्षात ठेवायची तारीख आहे. 2 किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा 34 आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाच्या पडद्याची तपासणी जन्मानंतर 30 दिवसांच्या आत व्हायला हवी, फारच लहान बाळांची त्याहून आधी. बाळ तोवर घरी आलेलं असतं, छान दिसत असतं आणि ही तपासणी राहून जाते. वेळेत सापडलं तर लेझरने दृष्टी वाचते.

कावीळ कोवळ्या उन्हात धरून जाईल, यावर विसंबू नये. निळ्या दिव्याचा उपचार मोजून-मापून दिलेला असतो. उन्हात बाळ तापतं किंवा सुकतं आणि तपासणीला उशीर होतो. खर्चाची धास्ती असेल तर 2011 पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी नवजात बाळाचे सरकारी रुग्णालयातले उपचार, औषधं, तपासण्या आणि ने-आण मोफत आहे. पुढे ही सोय वर्षाच्या बाळांपर्यंत वाढवली गेली.

घरी आल्यावर गुटी, मध, काजळ, धुरी आणि रोजची चोळून आंघोळ या गोष्टी अशा बाळासाठी नकोत; धुरीने तर नाजूक फुप्फुसांचे हाल होतात. कांगारू पद्धत घरीही चालू ठेवायची. आशाताई ठरलेल्या दिवशी येतील, त्यांना वजन करू द्यावं. लस जन्मतारखेप्रमाणे, मात्र मान कधी धरेल, कधी बसेल याचा हिशेब बाळ ज्या तारखेला जन्मायला हवं होतं तिथून करायचा. बारसं पुढे ढकललं, चार माणसांत केलं, तरी काही बिघडत नाही. जन्माची नोंद मात्र 21 दिवसांच्या आत व्हायला हवी, बाळ अजून वॉर्मरवर असलं तरी. नाव ठरलं नसेल तर तो रकाना नंतर भरून मिळतो.