घरच्या चलच्चित्रांसाठीं लहान कॅमेरा

१८९५ सालच्या डिसेंबर महिन्याच्या २८ तारखेस पॅरिस येथील ग्रां कॅफेच्या तळघरांत ल्यूमिएर बंधूंनीं तिकिटें लावून आपलीं चलच्चित्रें लोकांना दाखविलीं. त्या खेळांत कारखान्यांतून बाहेर पडणारे कामगार होते, तशीच एक अगदीं घरगुती फीतही होती. ओगुस्त ल्यूमिएर व त्यांची पत्नी बागेंत बसून आपल्या तान्ह्या मुलीला भरवीत आहेत, एवढेंच तिच्यांत दिसतें. राजाची मिरवणूक नाहीं, लढाई नाहीं, नाटक नाहीं. चलच्चित्रकलेच्या जन्माबरोबरच घरच्या मुलाबाळांचें चित्रणही जन्मास आलें, असें म्हणावयास हरकत नाहीं. पुढच्याच वर्षीं, ७ जुलै १८९६ रोजीं, ल्यूमिएर यांचीं चित्रें मुंबईंत वॉटसन हॉटेलांत दाखविण्यांत आलीं. आणि छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, ज्यांना लोक सावे दादा म्हणत, त्यांनीं विलायतेहून कॅमेरा मागवून १८९९ सालीं मुंबईच्या हँगिंग गार्डनमधील एका कुस्तीचें चित्रण केलें.

त्या काळची ती जड पेटी तळहातावर मावण्याइतकी लहान होण्यास बराच काळ जावा लागला. १९२३ सालीं कोडॅक कंपनीनें हौशी लोकांकरितां सोळा मिलिमीटर रुंदीची फिल्म बाजारांत आणली, १९३२ सालीं आठ मिलिमीटरांची, आणि १९६५ सालीं सुपर एट. या शेवटच्या प्रकारांत एक डबी सुमारें तीन मिनिटें वीस सेकंद चाले. म्हणून बारशाचें चित्रण करावयाचें तर पाळण्याचें करावें कीं पंगतीचें, हें आधीं ठरवावें लागे. १९८५ च्या सुमारास हातांत धरण्याजोगे व्हिडिओ कॅमेरे आले, १९९५ सालीं चित्र आंकड्यांच्या रूपानें सांठविणारी लहान टेप आली, आणि २००६ सालीं सोनी व पॅनासॉनिक या कंपन्यांनीं एव्हीसीएचडी नांवाची पद्धति जाहीर केल्यावर स्पष्ट व बारकाव्यांचें चित्र लहानशा कार्डावर तासन्तास सांठविणें शक्य झालें. चित्र घेणें व तें सांठविणें हीं दोन्ही कामें एकाच यंत्रांत होतात, म्हणून त्यास कॅमकॉर्डर म्हणतात. फिल्म संपेल ही चिंता गेली. तिच्या जागीं कोणतें यंत्र घ्यावें ही चिंता आली.

आज घरोघर प्रत्येकाच्या हातांत मोबाइल आहे व त्यांतही कॅमेरा असतो. मग निराळें यंत्र हवें कशाला, ही शंका रास्त आहे. जवळून व थोडा वेळ करावयाच्या चित्रणास मोबाइल पुरतो, किंबहुना तो पुष्कळदां अधिक सुबक चित्र देतो. परंतु शाळेच्या संमेलनांत शेवटच्या रांगेंतून रंगमंचावरची मुलगी टिपावयाची असेल, मुंजीचा विधि दोन तास अखंड नोंदवावयाचा असेल, किंवा घरांतील वृद्ध माणसाचें बोलणें स्वच्छ आवाजांत जपून ठेवावयाचें असेल, तर मोबाइल तोकडा पडतो. दूरचें पाहणारें भिंग, बदलतां येणारी बॅटरी आणि बाहेरचा ध्वनिग्राहक जोडण्याची सोय, या तिन्हींपैकीं एकाचीही गरज नसलेल्या कुटुंबानें निराळा खर्च न केलेलाच बरा. ज्यांना ती गरज आहे, त्यांनीं पुढील गोष्टी पारखून घ्याव्या.

जाहिरातींत ‘हाय डेफिनिशन’ हे शब्द ठळक असतात. त्यांचा अर्थ सोपा आहे. पडद्यावरील चित्र रांगोळीच्या ठिपक्यांप्रमाणें लहान लहान बिंदूंचें बनलेलें असतें. भारतांत चाललेल्या जुन्या दूरचित्रवाणी पद्धतीचें चित्र आंकड्यांत उतरविलें, म्हणजे त्यांत आडवे ७२० व उभे ५७६ असे एकूण ४,१४,७२० बिंदु येतात. पूर्ण हाय डेफिनिशन चित्रांत ते आडवे १,९२० व उभे १,०८०, म्हणजे २०,७३,६०० होतात, बरोबर पांचपट. ‘फोर के’ म्हणतात त्या प्रकारांत याच्याही चौपट. परंतु ठिपके अधिक काढल्यानें रांगोळी आपोआप सुंदर होत नाहीं. त्या ठिपक्यांत रंग कसा भरला जातो, हें भिंगावर आणि त्यामागील प्रकाशग्राही पट्टिकेवर, म्हणजे सेन्सरवर, अवलंबून असतें.

घरांतील बहुतेक जिव्हाळ्याचे प्रसंग अपुऱ्या उजेडांत घडतात. देवघरांतील समई, सायंकाळची आरती, दिव्याखालीं अभ्यास करणारीं मुलें, यांपैकीं कशालाच भर दुपारचें ऊन मिळत नाहीं. अशा वेळीं सेन्सरचा आकार महत्त्वाचा ठरतो. त्याचें माप एक इंच, १/२.३ इंच, १/५.८ इंच असें सांगतात. छेदांतील आंकडा जितका मोठा तितका सेन्सर लहान, हें ध्यानांत न आल्यानें पुष्कळांची फसगत होते. शिवाय हा इंच खरा इंच नव्हे. पूर्वींच्या कॅमेऱ्यांत कांचेच्या नळ्या असत व त्यांच्या बाहेरच्या व्यासावरून हीं नांवें पडलीं. ‘एक इंची’ सेन्सर प्रत्यक्षांत सुमारें १३.२ मिलिमीटर रुंद व ८.८ मिलिमीटर उंच असतो, तरीही १/२.३ इंची सेन्सरच्या तो सुमारें चौपट भरतो. पावसांत अंगणांत वाटी ठेवली काय किंवा परात ठेवली काय, पाऊस तोच. पण परातींत पाणी अधिक सांचतें. प्रकाशाचेंही तसेंच आहे. लहान सेन्सर मंद उजेडांत दाणेदार, गढूळ चित्र देतो. भिंगावरचा आंकडाही पहावा. तो लहान असलेला चांगला. १.८ आंकड्याचें भिंग २.८ आंकड्याच्या भिंगापेक्षां जवळजवळ अडीचपट प्रकाश आंत घेतें.

मात्र सेन्सर मोठा झाला कीं दूरचें जवळ आणणारें भिंगही मोठें व जड करावें लागतें. म्हणून मुठींत मावणाऱ्या यंत्रांत वीस-तीस पटींचें भिंग आढळतें, तें लहान सेन्सरच्या जोडीनेंच. ज्यांचें चित्रण मुख्यतः घरांत व्हावयाचें आहे त्यांनीं सेन्सरकडे पहावें. ज्यांना मैदानावरचे खेळ किंवा पक्षी टिपावयाचे आहेत त्यांनीं भिंगाकडे. यांत एक सावधगिरी अशी कीं, पेटीवर छापलेला मोठा आंकडा पुष्कळदां ‘डिजिटल झूम’चा असतो. त्यांत भिंग कांहींच करीत नाहीं. चित्राचा मधला भाग कापून ताणला जातो, इतकेंच. सेन्सरवर जादा बिंदु नसतील, तर दुप्पट मोठें केलेल्या चित्रांत मूळच्या २०,७३,६०० पैकीं अवघे ५,१८,४०० खरे बिंदु उरतात, आणि पांचपटीचा लाभ जवळजवळ वाहून जातो. आंकडा ‘ऑप्टिकल झूम’चाच विचारावा. भिंग लांबविलें कीं हाताचा कंपही तितक्याच पटीनें वाढतो. म्हणून चित्र स्थिर ठेवणारी योजना भिंगांतच असलेली उत्तम. चित्राच्या कडा कापून स्थिरता आणणारी योजना दुय्यम समजावी.

आवाजाकडे मात्र ग्राहकाचें सर्वांत कमी लक्ष जातें, आणि पश्चात्तापाची पाळी पुढें याच बाबतींत अधिक येते. आजीची चर्या छायाचित्रांतही राहते. तिचा ओवी म्हणण्याचा ढंग, बोलतां बोलतां थांबण्याची लकब, नातवाला हांक मारण्याची तऱ्हा, हें छायाचित्रांत राहत नाहीं. मोकळ्या जागेंत बोलणाऱ्यापासूनचें अंतर दुप्पट झालें, म्हणजे पोंचणारा ध्वनि चतुर्थांश होतो. यंत्राच्या अंगचा ध्वनिग्राहक खोलीच्या टोकाशीं असला, तर त्याला पंख्याची घरघर व चित्रण करणाराचा श्वास आधीं ऐकूं येतो आणि आजी मागाहून. म्हणून बाहेरचा ध्वनिग्राहक लावण्याचें छिद्र ज्यांत आहे असें यंत्र घ्यावें, व कानाला लावून ऐकण्याची सोय असल्यास फारच उत्तम. पदराला अडकविण्याजोगा साधा ध्वनिग्राहक जें काम करतो, तें दुप्पट किंमतीच्या भिंगालाही साधत नाहीं.

विजेची गोष्टही ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. भारतांतील वीज सेकंदाला ५० आवर्तनें करते, अमेरिकेंतील ६०. त्यामुळें येथील पुष्कळ दिवे डोळ्यांना न कळत सेकंदाला शंभर वेळां मंद-तेज होतात. अमेरिकेंतील नातलगानें प्रेमानें आणलेला कॅमेरा तिकडच्या हिशेबानें सेकंदाला साठ चित्रें घेत असला, तर येथील दिव्यांखालीं पडद्यावर काळसर पट्टे सरकतांना दिसूं शकतात. सेकंदास २५ किंवा ५० चित्रें घेण्याची व्यवस्था त्यांत आहे कीं नाहीं, हें आधींच विचारावें. नसल्यास प्रत्येक चित्राचा अवधि १/१०० सेकंद ठेवल्यानें दोष बराच कमी होतो. तसेंच ‘१०८०-आय’ व ‘१०८०-पी’ या नांवांत भेद आहे. पहिल्यांत एकाआड एक ओळींचें अर्धें अर्धें चित्र आळीपाळीनें घेतलें जातें, त्यामुळें लेझमीसारख्या जलद हालचालींच्या कडांना संगणकावर फणीसारखे दांते दिसतात. दुसऱ्यांत प्रत्येक वेळीं पूर्ण चित्र असतें.

सांठवणीचा हिशेब घरींही मांडतां येतो. सेकंदाला २४ मेगाबिट माहिती लिहिणारें यंत्र सेकंदास ३ मेगाबाइट, म्हणजे तासास १०.८ गिगाबाइट जागा घेतें. ६४ गिगाबाइटांच्या कार्डावर पांच-सहा तासांचें चित्रण सहज मावतें. इतक्या कामास सर्वांत महाग व वेगवान कार्डाची जरूर नाहीं. फोर के चित्रणास मात्र अधिक वेगाचें लागतें. कित्येक यंत्रें लांब चित्रणाचे चार-चार गिगाबाइटांचे तुकडे करतात. कार्डावरून उतरवितांना पहिलाच तुकडा घेऊन बाकीचे पुसून टाकले, म्हणजे मुंजींत मातृभोजन राहतें आणि गायत्रीचा उपदेश नाहींसा होतो. कार्डावरचें सर्व दप्तर जसेंच्या तसें उतरवावें.

साधेपणा हाही एक गुण आहे. २००७ सालीं अमेरिकेंत फ्लिप नांवाचा खिशांत मावणारा कॅमेरा निघाला. त्याला मोठें भिंग नव्हतें, फार बटणें नव्हतीं. एक तांबडें बटण दाबलें कीं चित्रण सुरू. तो हातोहात खपला, २००९ सालीं सिस्को या मोठ्या कंपनीनें त्याचा धंदा विकत घेतला, आणि २०११ सालीं, मोबाइलचे कॅमेरे सुधारत असतां, तो बंदही केला. यांतून दोन बोध मिळतात: जें यंत्र घरांतील सर्वांना न शिकतां वापरतां येतें तेंच कपाटाबाहेर राहतें, आणि कोणतीही कंपनी किंवा पद्धति कायमची नसते. म्हणून खरेदीपूर्वीं स्वतःचें कार्ड घेऊन दुकानांत जावें, अंधाऱ्या कोपऱ्याचें, चालत चालत, व चार हातांवरून बोलणाऱ्या माणसाचें असें तीन प्रकारचें चित्रण करावें, आणि तें यंत्राच्या चिमुकल्या पडद्यावर न पाहतां घरीं मोठ्या पडद्यावर पहावें.

शेवटची गोष्ट खरेदीनंतरची, पण सर्वांत महत्त्वाची. अनेक घरांत १९९० च्या सुमाराच्या लग्नांच्या टेपा जपून ठेवलेल्या आहेत. परंतु त्या वाजविणारें यंत्र बंद पडलेलें आहे, आणि जपानांतील फुनाई कंपनीनें २०१६ च्या जुलैमध्यें असलीं नवीं यंत्रें करणें थांबविलें. कार्डावरचीं चित्रेंही याला अपवाद नाहींत. प्रत्येक समारंभानंतर त्यांच्या दोन प्रती निरनिराळ्या साधनांवर कराव्या, एक दुसऱ्या घरीं ठेवावी, आणि दर कांहीं वर्षांनीं त्या नव्या साधनावर उतरवाव्या. बागेंत बसून खाणारी ल्यूमिएर यांची ती तान्ही मुलगी आजही पडद्यावर दिसते, ती केवळ तिच्या वडिलांचा कॅमेरा उत्तम होता म्हणून नव्हे. ती फीत लोकांनीं पिढ्यान्पिढ्या सांभाळली म्हणून. यंत्र निवडतांना जी चिकित्सा करावयाची, तिच्या निम्म्यानें तरी चिंता त्यानें टिपलेल्या चित्रांची वाहिली, तर आजीची हांक नातवंडांच्या मुलांनाही ऐकूं येईल.