गाडीचा क्रमांक आणि रस्त्यावरील दंड

गेवराई तालुक्यातील तलवाडा हे त्वरिता देवीचे गाव. दर्शनाला येणारे भाविक, गेवराईच्या बाजारपेठेकडे निघालेले शेतकरी आणि हंगामात उसाने लादलेले ट्रॅक्टर यांची येथील रस्त्यावर वर्दळ असते. गणवेशातील पोलिसाने हात दाखवून मोटारसायकल थांबविली, की चालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "साहेब, माझं काय चुकलं?" हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर कायद्यात स्पष्टपणे दिलेले आहे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १३० अन्वये गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याने मागणी केल्यास चालकाने अनुज्ञप्ती, म्हणजेच बोलीभाषेतील लायसन, दाखविणे बंधनकारक आहे. कागद घरी राहिला म्हणून घाबरण्याचे कारण नाही. डिजिलॉकर किंवा एम-परिवहन या शासकीय प्रणालींमधील प्रत २०१८ पासून ग्राह्य धरली जाते. मात्र, भ्रमणध्वनीवर काढून ठेवलेले कागदाचे छायाचित्र म्हणजे ही प्रत नव्हे. तसेच दंड भरल्यावर चलानाची पावती घ्यावयासच हवी. पावतीविना दिलेली रक्कम शासनाच्या तिजोरीत जात नाही.

किरकोळ समजल्या जाणाऱ्या गुन्ह्यांत क्रमांकाच्या पाटीचा गुन्हा अग्रभागी आहे. बीड कार्यालयात नोंदलेल्या वाहनास 'एमएच २३' आणि अंबाजोगाईच्या वाहनास 'एमएच ४४' ही मालिका मिळते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ५० व ५१ नुसार ही अक्षरे रोमन लिपीत व अंक इंग्रजी वळणाचे असावे लागतात. मोटारसायकलच्या मागील पाटीवरील अंकांची उंची ४० मिलिमीटर ठरविलेली आहे. पसंतीचा क्रमांक शुल्क भरून रीतसर घेता येतो. परंतु ४१४१ हा क्रमांक घेऊन इंग्रजी चारला बाक देत त्याचा 'दादा' करणे ही हौस नियमात बसत नाही, मग गाडीचा मालक गावात कितीही मोठा दादा असो.

या हौसेची किंमत अनेकदा तिऱ्हाइताला मोजावी लागते. रात्री पादचाऱ्यास ठोकरून वाहन निघून गेले आणि पाटी वाचता आली नाही, तर वाहन सापडत नाही, पर्यायाने त्याची विमा कंपनीही सापडत नाही. मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे मृताचे वय व मिळकत विचारात घेऊन भरपाई ठरते. अज्ञात वाहनाच्या बाबतीत मात्र १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या योजनेनुसार मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये एवढीच ठरावीक रक्कम मिळते. कमावता माणूस गमावलेल्या कुटुंबाच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. उसाच्या ट्रॉलीबाबतही हेच लागू पडते. ट्रॉलीचीही नोंदणी करावी लागते आणि मागून येणाऱ्यास क्रमांक दिसावा लागतो.

बनावट पाट्यांना आळा घालण्यासाठी १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना उच्च सुरक्षा पाटी बसवूनच दिली जाते. अशोकचक्राचा होलोग्राम, लेझरने कोरलेला क्रमांक आणि एकदा बसविल्यावर न मोडता निघणार नाही अशी कडी ही तिची वैशिष्ट्ये. त्यापूर्वीच्या वाहनांनाही ती सक्तीची असून, राज्यात त्यासाठीची मुदत २०२५ मध्ये अनेकदा वाढविण्यात आली. दुचाकी व ट्रॅक्टरसाठी ४५० रुपये आणि त्यावर कर असा दर ठरविण्यात आला होता.

दंडाचे आकडे २०१९ च्या दुरुस्तीने वाढले. महाराष्ट्रात तडजोड शुल्काचे नवे दर डिसेंबर २०२१ मध्ये अमलात आले. कलम १७७ खालील सर्वसाधारण गुन्ह्यासाठी पूर्वी १०० रुपयांपर्यंत असलेला दंड त्या दुरुस्तीने ५०० रुपयांपर्यंत गेला, पुनरावृत्तीसाठी १,५०० रुपयांपर्यंत. शिक्षकांनी विशेषत्वाने ध्यानी घ्यावे असे कलम १९९ क आहे. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक अथवा वाहनमालकास ३ वर्षांपर्यंत कारावास व २५ हजार रुपये दंड होऊ शकतो आणि वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते.

खेड्यापाड्यांत आणखी एक चूक सर्रास घडते. जुनी मोटारसायकल मुद्रांकाच्या कागदावर विकली जाते आणि नोंदणी मात्र जुन्याच नावावर राहते. नवा मालक कोठेही नियम मोडो, ई-चलानाचा संदेश विकणाऱ्याच्याच भ्रमणध्वनीवर येतो. अपघात झाल्यास बाब अधिक गंभीर होते : नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव, तोच मालक आणि भरपाईची जबाबदारीही त्याचीच, असे सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात ६ फेब्रुवारी २०१८ रोजी स्पष्ट केले आहे. कलम ५० नुसार राज्यांतर्गत विक्रीची माहिती विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंदणी अधिकाऱ्यास कळवावयाची असते. त्यासाठी लागणारे नमुना २९ व ३० हे अर्ज परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर मिळतात, आणि विक्रीचा व्यवहार ठरतो त्याच बैठकीत ते भरून घेता येतात.