जैवविविधतेच्या नोंदी व परिसंस्थीय प्रतिमाने : जेन एलिथ यांच्या संशोधनाचा प्रभाव

प्रस्तावना :
एखादी प्रजाती कोठे आढळते, या वरवर साध्या प्रश्नाच्या उत्तरावर संवर्धनाचे अनेक निर्णय अवलंबून असतात. राखीव क्षेत्राची सीमा कोठे आखावी, उपद्रवी प्रजातींवर कोणत्या भागात लक्ष ठेवावे, हे त्यावरूनच ठरते. मात्र संपूर्ण भूप्रदेशाचे सर्वेक्षण करणे शक्य नसते. म्हणून ज्ञात नोंदींचा तापमान, पर्जन्य, उंची, मृदा इत्यादी घटकांशी असलेला संबंध शोधून उर्वरित प्रदेशाविषयी अनुमान करणारी 'प्रजाती-वितरण प्रतिमाने' तयार केली जातात. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न विद्यापीठाच्या संशोधक जेन एलिथ यांनी या क्षेत्रात मोलाचे कार्य केले आहे. त्या कार्याचा प्रभाव नेमका कशात आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नोंदींचे स्वरूप व मर्यादा :
जैवविविधतेच्या बहुसंख्य जुन्या नोंदी संग्रहालयांतील व वनस्पतिसंग्रहांतील नमुन्यांवरून आलेल्या आहेत. २००१ मध्ये स्थापन झालेल्या 'ग्लोबल बायोडायव्हर्सिटी इन्फर्मेशन फॅसिलिटी' या संस्थेमुळे अशा नोंदी जगभरातील अभ्यासकांना खुल्या झाल्या. परंतु नमुना केवळ 'आढळ' सांगतो. कोणत्या ठिकाणी शोध घेऊनही प्रजाती सापडली नाही, हे त्यावरून कळत नाही. शिवाय संग्राहक रस्त्यांलगत व वस्तीजवळ अधिक फिरतात. त्यामुळे तयार होणारा नकाशा प्रजातीच्या अधिवासाचा आहे की संग्राहकांच्या भ्रमंतीचा, अशी शंका निर्माण होते.

पद्धतींची तुलना :
प्रतिमाने तयार करण्याच्या अनेक पद्धती प्रचलित होत्या. मात्र त्यांपैकी कोणती अधिक विश्वसनीय, हे ठरविणारा व्यापक पुरावा नव्हता. २००६ मध्ये 'इकोग्राफी' या नियतकालिकात एलिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातील ६ प्रदेशांतील २२६ प्रजातींवर १६ पद्धतींची चाचणी प्रसिद्ध केली. प्रतिमाने केवळ आढळ-नोंदींवरून तयार केली गेली. त्यांची परीक्षा मात्र आढळ व अभाव या दोहोंची नोंद असलेल्या स्वतंत्र सर्वेक्षणांवर घेतली गेली. या चाचणीत मॅक्सएंट, बूस्टेड रिग्रेशन ट्रीज यांसारख्या नव्या पद्धती बायोक्लिमसारख्या जुन्या पद्धतींपेक्षा सरस ठरल्या. तुलना समान आधारावर झाल्यामुळे या निष्कर्षाला वजन प्राप्त झाले.

पद्धतींचे स्पष्टीकरण :
सरस पद्धत हाती आली तरी ती समजून न घेता वापरण्याचा धोका उरतोच. २००८ मध्ये एलिथ यांनी जॉन लेथविक व ट्रेव्हर हेस्टी यांच्यासह बूस्टेड रिग्रेशन ट्रीज या पद्धतीची मार्गदर्शिका लिहिली. न्यूझीलंडमधील एका वाम माशाच्या वितरणाचे उदाहरण घेऊन तीत प्रत्येक टप्पा उलगडला आहे. २०११ च्या लेखात मॅक्सएंटचा संख्याशास्त्रीय अर्थ परिसंस्थाशास्त्रज्ञांना कळेल अशा रीतीने मांडला गेला. केवळ आढळ-नोंदींवरून प्रजातीच्या अस्तित्वाची निरपेक्ष संभाव्यता काढता येत नाही, ही महत्त्वाची मर्यादा त्यात स्पष्ट झाली.

भविष्यकथनाची मर्यादा :
१९३५ मध्ये उसावरील भुंगेऱ्यांच्या बंदोबस्तासाठी क्वीन्सलँडमध्ये आणलेला केन टोड हा विषारी भेक ऑस्ट्रेलियात दूरवर पसरला. अशा प्रजातीचा प्रसार अजून पूर्ण झालेला नसतो. साहजिकच आजच्या नोंदी तिच्या संभाव्य क्षेत्राचे अपुरे चित्र देतात. एलिथ, मायकेल कर्नी व स्टीव्हन फिलिप्स यांनी २०१० मध्ये याच प्राण्याच्या उदाहरणावरून, ज्या भागातील परिस्थिती मूळ नोंदींच्या कक्षेबाहेर आहे तो भाग नकाशावर वेगळा दाखविण्याची रीत मांडली. तेथील अनुमान सावधपणे घ्यावे, असा इशारा नकाशातूनच मिळू लागला.

विदा खुली करण्याचे महत्त्व :
२००६ च्या चाचणीत वापरलेली विदा २०२० मध्ये सर्वांसाठी प्रसिद्ध करण्यात आली. त्यामुळे नव्या पद्धती त्याच कसोटीवर पारखता येऊ लागल्या. २०२२ मध्ये रूझबेह वलवी यांच्यासह एलिथ व सहकाऱ्यांनी याच विदेवर नव्याने तुलना केली व तीसाठी वापरलेली संगणकीय आज्ञावलीही उपलब्ध करून दिली.

समारोप :
२०१५ मध्ये एलिथ यांना ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांच्या विज्ञान पुरस्कारांपैकी जीवविज्ञानासाठीचा फ्रँक फेनर पुरस्कार मिळाला. त्यांचे लेख मोठ्या प्रमाणावर उद्धृत होतात, हेही खरे. परंतु उद्धरणांची संख्या हे प्रभावाचे केवळ बाह्य लक्षण होय. पद्धत पारखणे, ती इतरांना समजावून देणे, तिच्या मर्यादा उघड करणे आणि कसोटीची साधने सर्वांच्या हाती देणे, या चार गोष्टींत त्या प्रभावाचे मूळ आहे. चुकीचा नकाशाही रंगीत व सुबक दिसतो. त्यावर विसंबून घेतलेल्या निर्णयाची किंमत मात्र प्रत्यक्ष अधिवासाला मोजावी लागते. म्हणूनच अनुमानाबरोबर त्याची अनिश्चितता मांडणे हा संशोधनाचा दुबळेपणा नसून त्याची विश्वासार्हता आहे, हे या कार्यावरून स्पष्ट होते.