भाकरीला कोरड्यास काय?

ज्वारीला सध्या बरे दिवस आले आहेत. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं आणि तेव्हापासून पुण्या-मुंबईच्या दुकानांत ज्वारीचं पीठ, लाह्या, अगदी बिस्किटंसुद्धा ‘हेल्दी’च्या कप्प्यात जाऊन बसली. भालकी, औराद, बसवकल्याण किंवा आळंदच्या माणसाला याचं हसू येतं. तो भाकरी प्रकृतीसाठी खात नाही, भूक लागते म्हणून खातो. पण याच ज्वारीवर साठेक वर्षांपूर्वी एका आजाराचा आळ आला होता. तो घेणारे शास्त्रज्ञही परके नव्हते, हैदराबादचेच होते. बीदर आणि गुलबर्गा हे दोन्ही जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होते आणि दुखणं वाढलं की हैदराबाद गाठायची इथली सवय अजून गेलेली नाही.

आजाराचं नाव पेलाग्रा. सुरुवात कातडीपासून होते. हाताचे पंजे, पावलं, गळा असा जो भाग उन्हात उघडा राहतो, तिथे काळपट, खरखरीत चट्टे उठतात. दोन्ही हातांवर अगदी सारखे, आणि कपड्याची कड जिथे संपते तिथून सरळ रेषेत. जीभ लाल होते, तोंड येतं, जुलाब लागतात. पुढे झोप उडते, माणूस चिडतो, विसरतो, भ्रमिष्टासारखा वागू लागतो. हैदराबादच्या मनोरुग्णालयात येणाऱ्यांतही असे रुग्ण सापडत. वेळेवर ओळखलं तर काही दिवसांत बरा होणारा, नाही ओळखलं तर जीव घेणारा हा आजार.

जगाला त्याची ओळख मक्यामुळे झाली. १७३५ मध्ये स्पेनच्या गास्पार कासाल या वैद्याने गरीब शेतकऱ्यांत तो पाहिला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागात त्याने हजारो बळी घेतले. लोकांना तो संसर्ग वाटे. जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरने १९१४ पासून त्याचा पिच्छा पुरवला आणि तो जंतूंचा नाही, जेवणाचा आजार आहे असं ठासून सांगितलं. कुणी ऐकेना, तेव्हा त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी रुग्णांचं रक्त टोचून घेतलं, त्यांच्या विष्ठेच्या आणि खपल्यांच्या गोळ्या करून गिळल्या. कुणालाही पेलाग्रा झाला नाही. अशी माणसं होती म्हणून पोषणशास्त्र उभं राहिलं. १९३७ मध्ये कॉनराड एल्व्हेजेमने दाखवलं की कुत्र्यांना होणारा असाच ‘काळ्या जिभे’चा आजार निकोटिनिक आम्लाने बरा होतो. तेच आपलं नायसिन, ‘ब’ गटातलं एक जीवनसत्त्व.

मक्यातलं नायसिन पोटात सहज सुटत नाही, आणि ज्या ट्रिप्टोफॅनपासून शरीर स्वतःचं नायसिन बनवतं, ते अमिनो आम्लही मक्यात कमीच. ज्वारीला हे कारण लागू पडेना. तिच्यात ट्रिप्टोफॅन ठीकठाक असतं. मग दख्खनच्या ज्वारी खाणाऱ्यांत पेलाग्रा का? कुन्नूरला १९१८ मध्ये सुरू झालेली आणि १९५८ मध्ये हैदराबादला आलेली पोषण संशोधन प्रयोगशाळा, म्हणजे आजची राष्ट्रीय पोषण संस्था, या कोड्यामागे लागली. १९६० मध्ये सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी ‘द लॅन्सेट’मध्ये उत्तर सुचवलं: ल्युसिन. ज्वारीच्या प्रथिनात हे अमिनो आम्ल भरमसाट असतं आणि ते ट्रिप्टोफॅनचं नायसिन होण्याच्या वाटेत आडवं येतं, असं त्यांचं म्हणणं. ल्युसिन जास्त दिलेल्या कुत्र्यांची जीभ काळी पडली. या सिद्धान्तावर पुढे बराच वाद झाला. इतरांच्या प्रयोगांत ल्युसिनचा परिणाम तितका ठळक दिसेना, ‘ब-६’ जीवनसत्त्वाची कमतरताही यात हात घालते असं पुढे आलं, आणि एकट्या ल्युसिनला गुन्हेगार ठरवणं आज फारसं कुणाला पटत नाही.

वाद नाही तो एकाच गोष्टीबद्दल. ज्वारी खाणाऱ्या सगळ्यांना पेलाग्रा कधीच झाला नाही. झाला तो ज्यांच्या ताटात भाकरीशिवाय मीठ-मिरचीच होती त्यांना. भाकरीला कोरड्यास काय, यावर सगळा खेळ होता.

आता या भागातलं नेहमीचं कोरड्यास बघा. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात नायसिन दोनेक मिलिग्रॅम, शेंगदाण्यात १२ च्या आसपास. बैठं काम करणाऱ्या पुरुषाची दिवसाची गरज १४ मिलिग्रॅम. म्हणजे ५० ग्रॅम शेंगदाण्यांची चटणी पोटात गेली तर सहाएक मिलिग्रॅमची सोय तिथेच झाली. कुटलेली, तेल सुटलेली शेंगांची चटणी या भागात जेवणाची शोभा म्हणून नसते, कडक भाकरीबरोबर ती भाजीच्या जागी बसते. आणि शेंगदाणे नुसते असोत, भाजलेले असोत की चटणीत असोत, नायसिन उष्णतेने सहसा नष्ट होत नाही.

तुरीचं काम वेगळं. ट्रिप्टोफॅनच्या बाबतीत ती फार श्रीमंत नाही, पण ज्वारीत जे लायसिन तुटपुंजं असतं ते तिच्यात भरपूर असतं. त्यामुळे वरण-भाकरी मिळून प्रथिन पुरं होतं. कलबुर्गीची तूर नावाजलेली आहे, ‘गुलबर्गा तूर डाळ’ म्हणून तिला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. या नावामागे हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या ‘इक्रिसॅट’चा हात आहे. मर रोगाने उभी तूर वाळून जायची, तेव्हा त्या रोगाला दाद न देणारा ‘मारुती’ वाण तिथून आला आणि १९८६ मध्ये कर्नाटकात प्रसारित झाला. अर्थात तूर पिकवणारा आणि रोज घट्ट वरण खाणारा एकच असतो असं नाही. डाळीचा भाव चढला की मजुराच्या घरात वरणाचं पाणी वाढतं, आणि कोणत्याही आहारतज्ज्ञाच्या तक्त्यात ही ओळ नसते.

मार्गशीर्ष अमावास्येची येळवस ज्यांनी शेतात बसून जेवली आहे, त्यांना भज्जी आणि आंबिल वेगळी सांगायला नको. भज्जीत तुरीचे ओले दाणे, ओला हरभरा, वाल, वाटाणा, शेंगदाणे, मेथी, चुका, कांद्याची पात, वर बेसन. काय घालायचं नाही यावर घराघरांत भांडण, काय घालायचं यावर नाही. आंबिल म्हणजे ज्वारीचं पीठ भिजवून आंबवायचं, शिजवायचं, थंड झालं की ताक, ठेचलेला लसूण, मीठ घालून गाडग्यातून वाढायचं. या आंबण्यात एक रसायन घडतं. ज्वारीत १०० ग्रॅमला चारेक मिलिग्रॅम लोह असतं, पण फायटेट नावाचं द्रव्य ते धरून ठेवतं आणि आतड्यात शोषू देत नाही. पीठ आंबताना फायटेटचा काही भाग फुटतो आणि लोह मोकळं होतं. अंबाडीसारख्या आंबट पालेभाजीचाही लोह शोषायला हातभार लागतो. उलट जेवल्या जेवल्या घेतलेला चहा लोहाला अडवतो, आणि आपल्याकडे तो हमखास घेतला जातो.

मग येळवशीचं जेवण रोज जेवलं की गोळ्या नकोत? इथेच ‘नैसर्गिक’वाल्यांशी माझं जमत नाही. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आहेत, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीने सांगितलं. गरोदरपणात लोहाची गरज इतकी वाढते की अंबाडी आणि गूळ-शेंगदाण्याने ती भागत नाही. तिथे लोह आणि फॉलिक आम्लाची सरकारी गोळीच हवी. शाळेतल्या मोठ्या मुलामुलींना आठवड्याला मिळणारी निळी गोळीही तशीच. काळी शी होते, मळमळतं म्हणून ती दप्तरात राहते आणि मग कुणीतरी बीटचा रस सुचवतं.

‘ब-१२’ची गोष्ट आणखी वेगळी. हे जीवनसत्त्व वनस्पतींत नाहीच. लिंगायत आणि माळकरी घरांत ते फक्त दूध-दही-ताकातून येतं, आणि दूध डेअरीला गेलं की तेही येत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये कर्नाटक सरकारने बीदर, कलबुर्गी, यादगीरसह काही जिल्ह्यांच्या शाळांत माध्यान्ह भोजनाबरोबर उकडलेलं अंडं, आणि न खाणाऱ्यांना केळं द्यायला सुरुवात केली. काही मठाधीशांनी विरोध केला. बहुतेक मुलांनी अंडं घेतलं. यादगीरच्या मुलांची गदगच्या मुलांशी तुलना केली तेव्हा अंडी-केळी मिळालेल्यांचं वजन जास्त वाढलेलं दिसलं आणि योजना पुढे राज्यभर गेली. अंड्यात सहा ग्रॅम प्रथिन आणि थोडं ‘ब-१२’ असतं. केळ्यात ‘ब-१२’ नसतं. कुणी काय खावं हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न, पण दोन्ही सारखंच असं मात्र सांगू नये.

गोळी पोकळी भरते तोवर औषध. भरलेल्या जागेत कोंबली की तीच त्रास देते, आणि याचं सर्वांत चांगलं उदाहरण पुन्हा नायसिनच. मोठ्या मात्रेत ते कोलेस्टेरॉलचे आकडे सुधारतं म्हणून हृदयरोग्यांना दिलं जाई. २०१४ मध्ये २५,६७३ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. रोज दोन ग्रॅम नायसिन (सोबत लालिमा रोखणारं एक औषध) देऊनही झटके कमी झाले नाहीत, उलट मधुमेह, रक्तस्राव, पोटाच्या तक्रारी वाढल्या. १४ मिलिग्रॅमची गरज, आणि दिलं दोन हजार. आपल्याकडे ‘ड’ जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा घ्यायची असते. चांगली वाटते म्हणून रोज घेणारे भेटतात, आणि रक्तात कॅल्शियम चढवून बसतात.

पेलाग्रा आता क्वचित दिसतो. दिसलाच तर दारूत बुडालेल्या आणि जेवण सुटलेल्या माणसात, किंवा क्षयाच्या रुग्णात. क्षयाचं आयसोनियाझिड हे औषध ‘ब-६’ला निकामी करतं आणि नायसिन बनण्याची वाट तिथे अडते. म्हणून क्षयाच्या उपचाराबरोबर पायरिडॉक्सिनची छोटी गोळी लिहून देतात. ती ‘ताकदीची’ समजून टाकून देऊ नये. आणि क्षय म्हटला की ताट पुन्हा मध्ये येतंच. मंगळुरूच्या येनेपोया वैद्यकीय महाविद्यालयाचे अनुराग आणि माधवी भार्गव यांनी झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरच्यांना दरमहा शिधा आणि सोबत सूक्ष्मपोषकांच्या गोळ्या दिल्या. २०२३ मध्ये निकाल आला तेव्हा त्या घरांतले नवे क्षयरुग्ण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी भरले होते.